मोदक काकडीकडे धावतो, पण खात नाही

पत्र :

आमच्या घरी मोदक आणि लाडू असे दोन गिनिपिग आहेत. दोघे भाऊ, वय साडेतीन वर्षं. महिनाभरापासून मोदक काकडीसाठी धावत येतो, तुकडा तोंडात धरतो आणि टाकून देतो. हनुवटी सारखी ओली असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिवाळीत त्याचं वजन १,०५० ग्रॅम होतं, काल ८२० भरलं. इथल्या एका डॉक्टरांनी पुढचे दात लांब झालेत म्हणून कापून दिले. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मिस्टर म्हणतात, एवढंच असेल तर नेलकटरने आपणच कापू. मुलीच्या घशासाठी आणलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिनचं सिरप उरलंय, त्याचे दोन थेंब द्यावेत का? सासूबाई दूधभात भरवतात, तो थोडा चाटतो. पुण्याला फोन केला तर म्हणाले, भूल देऊन दाढा घासाव्या लागतील, काही हजार खर्च येईल. जेवढ्याला जनावर आणलं त्याच्या कितीतरी पट! घरात यावरून दोन मतं आहेत. सातवीतली मुलगी रडते आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर :

ताई, आधी ते सिरप कपाटात परत ठेवा. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि पेनिसिलिनच्या कुळातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनिपिगच्या जिवावर बेततात. गवत पचवण्यासाठी त्याच्या आतड्यात जिवाणूंची मोठी वसाहत असते. या औषधांनी त्यातले उपयोगाचे जिवाणू मरतात, विष तयार करणारे फोफावतात, जुलाब सुरू होतात आणि काही दिवसांत खेळ संपतो. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन हीसुद्धा त्याच यादीतली. 'दोनच थेंब' म्हणून सूट मिळत नाही. गिनिपिगला चालणारी प्रतिजैविकं आहेत, एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा वगैरे, पण ती वजनावर मोजून डॉक्टरांनीच द्यायची. आणि कुत्री-मांजरं-गाईंमध्ये मुरलेल्या डॉक्टरांच्या हातून सवयीने अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहिलं जाऊ शकतं. तेव्हा चिठ्ठी हातात आली की 'हे पेनिसिलिनच्या जातीचं नाही ना?' एवढं न लाजता विचारा. दुखणं कमी करायला घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनही नको. त्यासाठी पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, आणि ते मागून घ्या, कारण तोंड दुखत असेल तर प्राणी खाणार कसा?

आता भूक. मोदकला भूक आहे, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य. तो धावत येतो, तुकडा उचलतो. त्याला खायचंय, खाता येत नाहीये. पण १,०५० वरून ८२० म्हणजे अंगातला पाचवा हिस्सा गेला. निरोगी गिनिपिगचं वजन आठवड्यात २०-३० ग्रॅम मागेपुढे होतं. ५० ग्रॅम उतरलं की कान टवकारायचे आणि १०० उतरलं की गाडी काढायची, असा माझा हिशेब आहे. तुम्ही तो टप्पा मागे टाकलाय. गिनिपिगचं आतडं सतत चालू राहावं लागतं. अर्धा-एक दिवस पोटात काही गेलं नाही तर ते मंदावतं, वायू धरतो, यकृतावर चरबी चढते, आणि मग दात दुरुस्त होऊनही प्राणी हाती लागत नाही. म्हणून डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबू नका, आज रात्रीपासून हाताने भरवा.

आजारी गवतखाऊ प्राण्यांसाठी तयार पावडर मिळते, 'क्रिटिकल केअर' हे त्यातलं सर्वात ओळखीचं नाव. ऑनलाइन मागवा. ती येईपर्यंत त्याच्या नेहमीच्या, गवतापासून बनवलेल्या साध्या पेलेट्स (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, चुरून, सिरिंजमधून जाईल इतकी पातळ लापशी करा. पेलेट्समध्ये रंगीत तुकडे, मका, सूर्यफुलाच्या बिया असतील तर त्या वेचून बाजूला काढा. औषधाच्या दुकानात सुईशिवाय १ मिलीच्या सिरिंज मिळतात, चार-पाच आणून ठेवा. लापशी अडकत असेल तर टोक थोडं कापा आणि कापलेली कड घासून गुळगुळीत करा.

भरवताना त्याला टॉवेलमध्ये सैल गुंडाळून मांडीवर, चार पायांवर बसवा. बाळाला घेतो तसं उताणं अजिबात नको, अन्न श्वासनलिकेत जाईल. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. सिरिंज तोंडाच्या बाजूने त्या जागेत घाला आणि एका वेळी अर्धा मिली सोडा. तो चावेल, गिळेल, मग पुढचा अर्धा. जबडा हलताना दिसला पाहिजे. नुसतं ओतत गेलात तर फुफ्फुसात जाईल, आणि न्यूमोनिया दातांपेक्षा लवकर मारतो. स्वतःहून काहीच खात नसेल तर दिवसाला किलोमागे साधारण ६० ते ८० मिली लापशी लागते. मोदकच्या वजनाला म्हणजे ५० ते ६५ मिली, पाच-सहा वेळांत वाटून. रात्रीचा एक गजर लावा. थोडंफार खात असेल तर तेवढं कमी करा. खरा निकाल काट्यावर लागतो: रोज सकाळी, भरवण्याआधी, त्याच काट्यावर वजन घ्या आणि वहीत लिहा. हे काम मुलीला द्या. सातवीतल्या मुलीला ते उत्तम जमतं, आणि रडण्यापेक्षा बरं.

पोट फुगून ताठ झालं असेल, लेंड्या बंद झाल्या असतील किंवा तो कोपऱ्यात केस फुगवून बसला असेल तर मात्र भरवू नका. तेव्हा थेट डॉक्टर.

दूधभात आजपासून बंद. सासूबाईंची माया कळते, पण दूध त्याला पचत नाही आणि शिजलेला भात म्हणजे आतड्यातल्या नको त्या जिवाणूंना खाऊ. त्यांच्याकडे भाजी चिरायचं काम द्या: सिमला मिरचीच्या काड्या काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक, काकडीच्या पातळ सळया, धुतलेली कोथिंबीर, किसलेलं थोडं गाजर. तोंड दुखणारा गिनिपिग जाड तुकडा सोडून देतो आणि बारीक काडी ओढून घेतो. वाळलं गवत टाकणारा प्राणीही कधीकधी कोवळं हिरवं गवत खातो, तेही समोर ठेवा. बाटलीची नळी चाटताना त्रास होत असेल तर जड वाटीत पाणी द्या. हनुवटी दिवसातून दोन-तीनदा मऊ फडक्याने टिपून कोरडी करा, ओली राहिली की कातडी सोलवटते.

आता दातांकडे. तुमच्या मिस्टरांना नेलकटर जागेवर ठेवायला सांगा. कारण दोन, आणि दुसरं महत्त्वाचं आहे. पहिलं असं की कात्रीने किंवा नेलकटरने दाबून कापलेला दात उभा चिरतो, चीर खाली मुळापर्यंत जाऊ शकते आणि तिथे गळू होतं. दुसरं असं की दुखणं बहुतेक पुढच्या दातांत नाहीच.

गिनिपिगच्या तोंडात २० दात. समोर वर दोन, खाली दोन हे पटाशीचे, आपल्याला दिसतात ते एवढेच. उरलेल्या १६ दाढा आत, गालांच्या मागे, जिथे तोंड बोटभरही उघडत नाही. सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे तर आठवड्याला दीड-दोन मिलिमीटर. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या पठारावर दिवसभर खरखरीत गवत चघळणाऱ्या प्राण्याला हे सोयीचंच होतं: दाढा जात्याच्या पाळ्यांसारख्या एकमेकींवर घासत राहायच्या, जेवढं वाढायचं तेवढं झिजायचं. आपण पिंजऱ्यात त्याला काकडी, पेलेट्स आणि ब्रेड देतो. पोट भरतं, पण दाढा घासल्या जात नाहीत.

गिनिपिगच्या खालच्या दाढा मुळातच आतल्या बाजूला, जिभेकडे कललेल्या असतात आणि वरच्या गालाकडे. झीज थांबली की खालच्या दाढा जिभेवरून दोन्ही बाजूंनी वाढत येतात आणि शेवटी एकमेकींना भिडून जिभेवर पूल बांधतात. जीभ खाली अडकते. घास मागे ढकलता येत नाही, म्हणून तो तोंडातून पडतो. लाळ गिळता येत नाही, म्हणून हनुवटी ओली. वरच्या दाढांच्या कडा गाल कापतात. तोंड नीट मिटेना, की पटाशीचे दात एकमेकांवर घासले जात नाहीत आणि तेही लांबतात. म्हणजे लांब झालेले पुढचे दात हा बहुतेक वेळा परिणाम असतो. ते कापल्यावर तोंड जरा मिटतं, दोन दिवस आराम पडतो, आत पूल तसाच. तुमच्या मोदकचं पत्रातलं वर्णन या गोष्टीला तंतोतंत जुळतं. तरी मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. दाढांच्या फटीत गवताचं कुसळ रुतलेलं असू शकतं, जबड्यात गळू असू शकतं, आणि मूतखड्याच्या दुखण्यानेही गिनिपिग खाणं सोडतो. म्हणून तपासणी हवीच. जबड्याच्या कडेवरून आज बोट फिरवून पाहा, गाठी लागतात का. डोळा पाणावलेला किंवा बाहेर आल्यासारखा वाटतो का, तेही बघा. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या अगदी जवळ असतात.

दुकानवाले लाकडाचा ठोकळा किंवा खडूसारखा 'मिनरल स्टोन' देतात, तो कुरतडून दात झिजतील म्हणतात. कुरतडताना वापरतो ते पुढचे दात, दाढांपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. दगडातलं जादा कॅल्शियम मूतखड्याला मात्र मदत करतं. पैसे वाचवा.

पुण्याच्या डॉक्टरांनी भूल द्यावी लागेल म्हटलं, ते बरोबर म्हटलं. जाग्या गिनिपिगच्या तोंडात नळीचा दिवा घालून थोडं दिसतं, पण जीभ, गाल आणि चघळलेला लगदा यांच्या आड बरंच राहून जातं. नीट काम म्हणजे भूल देऊन तोंड उघडं धरायचं, कवटीचा एक्स-रे काढून मुळं कुठवर गेलीत ते पाहायचं, आणि मग बारीक यंत्राने दाढा घासून मूळच्या उताराला आणायच्या. फोनवर एवढंच विचारा: गिनिपिगला नेहमी भूल देता का? दाढा घासायची साधनं आहेत का? कवटीचा एक्स-रे होतो का? 'आणा, पुढचे दात कापून देतो' असं उत्तर आलं तर धन्यवाद म्हणून दुसरा नंबर लावा. पुण्याला जाण्याआधी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून बघा, ते तुमच्या वाटेवरच आहे. तिथे ही सोय आहे की नाही, हे त्यांनाच विचारलेलं बरं. मुंबईला नातेवाईक असतील तर परळचं महाविद्यालयही आहे.

अजून एक गोष्ट आधी ठरवून घ्या. कुत्र्याला भूल द्यायची तर रात्रीपासून उपाशी ठेवतात, आणि दवाखान्यातला माणूस तीच सूचना तुम्हाला सवयीने देईल. गिनिपिगला उलटी होत नाही, त्याला रात्रभर उपाशी ठेवायचं कारण नाही, उलट त्यात धोका आहे. बहुतेकदा थोडाच वेळ खाणं काढतात आणि तोंड धुऊन लगदा साफ करतात. किती वेळ, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका. प्रवास पहाटे करा, उन्हात बंद गाडी नको. गिनिपिग तिशीच्या वर तापमान गेलं की धापा टाकतो.

शुद्धीवर आल्यावर तो लगेच गवतावर तुटून पडेल असं मनात धरू नका. महिनाभर ताणलेले जबड्याचे स्नायू दुखतात, गालातल्या जखमा भरायच्या असतात. काही दिवस, कधी दोनेक आठवडे, सिरिंज चालूच राहते. त्या काळात दुखण्याचं औषध चुकवू नका.

खर्चाचं. ज्या किमतीला जनावर आणलं तिच्याशी उपचाराचा खर्च ताडून पाहणं मला पटत नाही, पण महिन्याच्या खर्चात ते बसतं का हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारल्याबद्दल कुणी तुम्हाला निर्दय ठरवू नये. माझं मत असं: एक तपासणी आणि एक्स-रे यासाठी पैसे काढा. बाकी निर्णय ती फिल्म पाहिल्यावर. नुसत्या दाढा वाढल्या असतील तर एक-दोनदा घासून आणि आहार सुधारून काही प्राणी सावरतात. मुळं जबड्यात खोल वाढली असतील किंवा गळू झालं असेल तर दर चार-आठ आठवड्यांनी भूल, तीही आयुष्यभर, असं चित्र असू शकतं. गिनिपिग पाच ते सात वर्षं जगतो, म्हणजे मोदकचं बरंच आयुष्य बाकी आहे. तो खर्च आणि ती धावपळ झेपणार नसेल किंवा एवढं करूनही तो स्वतः खात नसेल, तर डॉक्टरांकडून शांतपणे मरण देणं हा सरळ मार्ग आहे. तेव्हा मुलीला 'गावाला पाठवला' वगैरे सांगू नका, तिने रोज वजन लिहिलेलं असेल, तिला आकडे माहीत असतील. मात्र 'बघू पुढच्या महिन्यात' हा पर्याय यात बसत नाही. पैसे न लागणारा वाटतो, पण त्यात मोदक भुकेला असून उपाशी मरतो.

असं का झालं, ते पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण काकडी आणि दूधभात आहे आणि गवताचं नाव नाही, यावरून अंदाज येतो. त्याच्या खाण्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त गवत हवं, चोवीस तास समोर. परदेशी टिमोथी गवत पुड्यांत मिळतं, चांगलं असतं, महाग पडतं. साताऱ्यासारख्या ठिकाणी त्यावर अडून बसायची गरज नाही. फवारणी न केलेल्या जागेतली हरळी, मारवेल, पवना, ताजं किंवा सावलीत वाळवलेलं, सगळं चालतं. रस्त्याकडेचं आणि बुरशीचा वास येणारं नको. लसूणघास दोघांनाही रोज देऊ नका, त्यात कॅल्शियम फार. ज्वारीची कोवळी हिरवी धाटं तर मुळीच नकोत, त्यात विषारी घटक असतो, गुरंसुद्धा त्याने दगावतात. पेलेट्स दिवसाला चमचाभर पुरे.

आणि क जीवनसत्त्व. माणसासारखंच गिनिपिगचं शरीर ते बनवू शकत नाही. कमी पडलं तर दातांना धरून ठेवणाऱ्या तंतूंची पकड सुटते, दात हलतात, वाकडे वाढतात, सांधे दुखतात. धडधाकट प्राण्याला किलोमागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम, आजाऱ्याला ३० च्या पुढे. हिरव्या सिमला मिरचीचा २५ ग्रॅमचा तुकडा साधारण २० मिलिग्रॅम देतो, पेरूची एक पातळ फोड आणि कोथिंबीर त्यात भर घालतात. मोदकला सध्या वरून थेंब लागतील. लहान मुलांचे नुसत्या क जीवनसत्त्वाचे थेंब मिळतात, बाटली डॉक्टरांना दाखवून मात्रा ठरवून घ्या. मल्टिव्हिटॅमिन नको. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकणंही नको, तिथे ते लवकर नासतं आणि चव बदलली की तो पाणीच कमी पितो. आवळा आठवला असेल. त्यात जीवनसत्त्व खूप, पण आंबट फळांनी गिनिपिगच्या ओठांच्या कडा फुटून खपल्या धरतात, आणि मोदकचं तोंड आधीच लाळेने भिजलेलं आहे. सध्या राहू द्या.

दोघांना वेगळं करू नका. हा आजार संसर्गाचा नाही, आणि एकटा पडलेला गिनिपिग आणखी कमी खातो. दवाखान्यात जातानाही लाडूला त्याच खोक्यात बसवा. भरवताना फक्त तेवढा वेळ बाजूला, नाहीतर लापशी तोच संपवेल.

लाडूने साडेतीन वर्षं तेच खाल्लंय जे मोदकने खाल्लं. त्याच फेरीत त्याचंही तोंड तपासून घ्या. पत्रात त्याचं वजन नाही, ते आजच करा.